दुसरी पाळी, शिरोली

दत्तोबा इंगवल्यांच्या हाताखाली शिकलो मी,
आणि त्यांच्या तोंडाखालीही.
अकरा वर्षांत शिवी न घालता ते एकदाच बोलले,
माझा बाप गेला त्या दिवशी.
'घरी जा, बाळ,' म्हणाले
आणि मी घाबरलो.

आमच्याकडं असंच.
रंकाळ्यावर जुना दोस्त भेटला
तर आधी आईचा उद्धार,
मग तब्येतीची चौकशी.
ज्याला शिवी नाही तो पाहुणा,
त्याला कपबशीतनं चहा.

तेच तोंड घेऊन मी फोरमन झालो.

सनातन बेहेरा आला गंजामहून,
एक बॅग, एक घोंगडी, मिशी नुकती फुटलेली.
लेडल असा धरायचा जणू पूजेचं पाणी आहे.
आठव्या दिवशी मी खूश होऊन ओरडलो,
'तुझ्या आयला, काय ओतलंस रे!'
सगळी भट्टी हसली.
तो नाही.

रात्री खोली रिकामी.
स्कूटर काढून स्टेशनवर गेलो,
मिरजेच्या गाडीला अजून तास होता.
बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन बसला होता.
त्यानं एवढंच विचारलं,
'माँ को बीच में क्यों लाया?'

माझ्याकडं उत्तर होतं, कोल्हापूरएवढं मोठं.
हिंदीत ते मावेना.
मग म्हटलं, चुकलो.
हा शब्द मी कारखान्यात
कधी वापरला नव्हता,
गंजलेल्या नटासारखा
फिरवून फिरवून काढावा लागला.

गाडी आली. गेली.
आम्ही दोघांनी वडापाव खाल्ला.

त्यानंतर पुण्याहून एक बाई आल्या शिकवायला.
एसीत बसवलं आम्हा सात जणांना,
फळ्यावर चार चौकोन काढले,
कुठला माणूस कुठल्या चौकोनात, ओळखा.
मी विचारलं, बाई,
एकच माणूस सकाळी ह्यात आणि रात्री त्यात असला तर?
त्या काही म्हणणार
तोवर बिस्किटं आली.

कोअर शॉपात बारा बायका, शियेच्या, वडणग्याच्या.
तिथं पहिल्या महिन्यात हुकूम सोडला होता मी.
बाराच्या बारा माना हलल्या
आणि काम झालं त्यांच्याच पद्धतीनं.
आता डबे उघडायच्या वेळी जातो,
मालूताई सुतारांच्या शेजारी उकिडवा बसतो,
हातावर खर्डा पडतो.
'ह्या कोअरला तडा का जातोय, काय वाटतं तुम्हाला?'
कुणीच काही बोलत नाही.
उद्या तडा नसतो.
परवा मी कारण विचारत नाही.

सनातनशी मी हळू बोलायला शिकलो.
दाखवायचं, बाजूला सरायचं,
चांगलं झालं तर मान हलवायची, बस्स.
घरी बायको म्हणाली, आजारी हाय का काय?
इतकी शांतता तिला परवडेना.

मग त्या मंगळवारची रात्र.
लेडलच्या बुडाला बारीक लाल रेघ,
माझी पाठ तिकडं,
मी हिशेबाच्या कागदात, चष्मा नाकावर.
आणि मागनं आवाज,
इंगवल्यांचाच जणू, थेट छातीतनं,

'सरक की रं म्हाताऱ्या, तुझ्या आयला!'

मी उडी मारली.
जिथं उभा होतो तिथं
चौदाशे डिग्रीचं लोखंड सांडलं,
वाळूवर पसरत, तडतडत,
माझा कागद खाऊन गेलं.

सगळे गप्प.
सनातन पांढरा पडलेला,
लोखंडाला नाही, स्वतःच्या शब्दाला भ्यालेला.
हात जोडायला लागला.

मी त्याच्याकडं बघितलं,
बराच वेळ, वाळूचा धूर खाली बसेपर्यंत.
माझी आई कागलच्या मातीत जाऊन वीस वर्षं झाली,
तिला इतक्या घाईनं कुणी हाक मारली नव्हती.

'उच्चार कच्चा हाय,' म्हटलं.
'आयला म्हणताना जरा लांबवायचं.'

कुणीतरी फिसकन हसलं.
मग फावडी घेतली सगळ्यांनी.